दुसरी शीट

शकुननं माणिकबाईचा फोन आपल्या पदराला पुसला, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीन डोळ्यांजवळ धरली. काचेला आडवा तडा गेला होता आणि कडेला मेथीचा हिरवा डाग वाळून बसला होता, पण आतलं सगळं नीट दिसत होतं.

"सकाळी उठल्यावर यात पहिले काय पाहता?"

"भाव," माणिकबाई म्हणाली. वांग्यांवर पाणी शिंपडता शिंपडता ती बोलत होती. "पोरगा पायते अन् मले सांगते. आज सांबार चढलं, आज टमाटे पडले." तिनं कोथिंबिरीची एक जुडी उचलून झटकली. "तुमाले द्याची का? सांबार उतरलं हाय आज."

"जाताना घेईन. अन् दुपारी फोन कोण घेते?"

"नात घेते. मेंदीचे हात पायते, रांगोया पायते. रातच्याले आमचे हे कीर्तन लावते अन् त्याच्यातच घोरते."

शकुननं तिन्ही साइटींची नावं वहीत उतरवली. वही शाळेचीच, दोनशे पानी. कोण पाहतं, काय पाहतं, कोणत्या वेळी पाहतं, असे तीन रकाने तिनं पट्टीनं आखले होते. चोवीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या बाईच्या हातून रेघ वाकडी जायची म्हणजे भूकंपच व्हावा लागतो.

"हे कायले लिवून राहिल्या वो मॅडम?"

"शाळेची जाहिरात इंटरनेटवर टाकायची आहे. तुम्ही भाव पाहायला लागल्या की बाजूले आपली शाळा दिसली पाहिजे."

"माह्या फोनात?" माणिकबाई खुशीत हसली. "दिसू द्या एकडाव. नातीले यंदा पाचवीतच टाकाचं हाय."

काम असं होतं. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या मोर्णातीर विद्यालयाची जाहिरात कोणकोणत्या साइटवर दिसावी, हे ठरवायचं होतं. अमरावतीच्या जाहिरातवाल्यांना संगणक कळत होता, पण इथली माणसं कळत नव्हती. माणसं शकुन मॅडमला कळत होती. भाजीवाल्यांपासून गवंड्यांपर्यंत निम्म्या घरांत तिच्या हाताखालून गेलेलं कुणीतरी होतं. तिनं फोन मागितला की लोक काही न विचारता हातात देत.

आणि काम निकडीचं होतं. संस्थेनं जानेवारीच्या बैठकीत ठराव केला होता, की पाचवीच्या मराठी वर्गाला वीस मुलं मिळाली नाहीत तर वर्ग बंद. गेल्या साली एकवीस होती, त्याच्या आधी चौतीस. पाचवी गेली की पुढच्या वर्षी सहावी जाणार, मग सातवी, आणि एक दिवस सगळ्या शाळेला कुलूप. दर उन्हाळ्यात शिक्षक मंडळी घरोघर फिरून मुलं गोळा करायची. यंदा मात्र मुख्याध्यापक धर्मेंद्र म्हैसने यांनीच सगळ्यांना थांबवलं होतं.

"ताई, यंदा उन्हात फिरू नका," त्यांनी शकुनला बजावलं होतं. "चक्कर येऊन पडसान. आता जाहिरात फिरते. तुमी फक्त जागा सांगा."

त्यांनी ताई म्हणावं, हे बरोबरच होतं. दोघं एकाच साली नोकरीला लागले, शकुन चार महिने आधी. त्या चार महिन्यांमुळे मुख्याध्यापकाची खुर्ची आधी तिच्याकडे आली होती. सासऱ्यांना तेव्हा अर्धांगवायूचा झटका आलेला, घर सोडून सभा आणि दौरे कसे करणार म्हणून तिनं लेखी नकार दिला आणि धर्मेंद्र सर खुर्चीत बसले. त्या संध्याकाळी ते पेढे घेऊन घरी आले आणि सासऱ्यांच्या खाटेजवळ खाली बसून राहिले. "ही खुर्ची ताईची आहे, मी नुसता राखण करून राहिलो," असं ते म्हाताऱ्याच्या कानाशी बोलले होते. सासऱ्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण शकुनला ते पक्कं आठवत होतं.

दहा दिवसांत वहीत सदतीस नावं झाली. बाजारभावाची, हवामानाची, पोलीस भरतीची, सोयरिकीची, जुन्या ट्रॅक्टरच्या खरेदी-विक्रीची, शिलाईच्या नमुन्यांची. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ती वही घेऊन ऑफिसात बसली. धर्मेंद्र सरांनी संगणकावर फाइल उघडून दिली. फाइलमध्ये दोन शीट होत्या.

"पहिली संस्थेच्या अध्यक्षसाहेबांची. तिले हात लावू नका. तुमची दुसरी."

शकुननं दुसरी शीट उघडली. वर इंग्रजीत लिहिलं होतं, निगेटिव्ह लिस्ट.

"निगेटिव्ह म्हणजे काय हो, सर?"

"फोटोची निगेटिव्ह रायते ना, ताई? रोलवाली?" सर खिडकीशी उभे राहून कूलरमध्ये पाणी टाकत होते. "आधी ते बनते, मंग तिच्यावरून फोटो निंगते. तसंच हे."

शकुनला ते पटलं. तिच्या लग्नाच्या निगेटिव्ह अजून कपाटात होत्या, आणि फोटो हरवले तरी त्या जपून ठेव असं तिला आईनं सांगितलं होतं. ती टाइप करायला बसली. एका अक्षरानं पत्ता चुकला तर माणूस भलत्याच दारात जातो, म्हणून तिनं प्रत्येक नाव तीनदा तपासलं. मध्येच सर स्वतः खाली जाऊन उसाचा रस घेऊन आले, बर्फ न घातलेला, कारण तिचा घसा धरतो हे त्यांना माहीत होतं. सदतीसपैकी एकाही नावावर त्यांनी नजर टाकली नाही.

"पाहून तर घ्या," ती म्हणाली.

"तुमी लिवलं म्हणजे मले पायाचं काम नाई."

तिला बरं वाटलं. माणसानं माणसावर विसंबावं तर असं, असंही मनात येऊन गेलं.

मे गेला. जाहिरात सुरू झाली असं सर सांगत होते, पण ती कुणाला दिसत नव्हती. शकुन भाजीला गेली की माणिकबाई हात हलवून सांगायची, "नाई आली वो मॅडम." सोनाराच्या दुकानातला कारागीर म्हणाला, नाही. शिलाईवाल्या रुख्मिणीनं तर तिच्यासमोरच साइट उघडून दाखवली. तिथं मसाल्याची जाहिरात होती, गुडघेदुखीच्या तेलाची होती, शाळा काही नव्हती.

"फिरून राहिली, ताई," धर्मेंद्र सर म्हणाले. "वेळ लागते. इंटरनेट म्हणजे काही दवंडी नाई."

जूनच्या मध्यापर्यंत पाचवी मराठीला नऊ नावं आली. दारात मोटारी मात्र थांबू लागल्या होत्या. गोरक्षण रोडकडच्या, मलकापूरकडच्या नव्या वस्त्यांमधले आईबाप उतरायचे, वरच्या मजल्यावर नव्यानं रंगवलेल्या खोल्या पाहायचे आणि ऑफिसात जाऊन बसायचे. संस्थेची इंग्रजी शाळा यंदा सुरू होतेय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका घरात दोन चुली असू शकतात, असं म्हणून मराठीच्या शिक्षकांनी ते कधीच पचवलं होतं.

शकुनला वाटलं, चूक आपल्याच यादीत आहे. आपण म्हाताऱ्याकोताऱ्यांचे फोन पाहिले, तरण्या आया कुठं असतात ते पाहिलंच नाही. तिनं पुन्हा चार दिवस फिरून आणखी चार नावं काढली, एका कागदावर लिहिली आणि रविवारच्या पहिल्या एसटीनं अमरावती गाठली. चुलत नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्याचं जेवण तिथं होतंच. जेवण आटोपून ती राजापेठेतल्या जाहिरातवाल्यांच्या ऑफिसचा जिना चढली. प्रवेशाचे दिवस असल्यानं तिथं रविवारीही काम सुरू होतं.

शाळेचं काम पौर्णिमा नावाची एक मुलगी पाहत होती. सत्तावीस-अठ्ठावीसची, चटपटीत, कपाळावर बारीक टिकली. शकुननं आपलं नाव शकुन अरबट असं सांगताच ती उठून उभी राहिली.

"अरबट मॅडम म्हणजे तुम्हीच? तुमची लिस्ट मी आमच्या नव्या मुलींना दाखवत असते. निगेटिव्ह लिस्ट एवढी मन लावून कुणी देत नाही. लोक चार नावं देऊन मोकळे होतात. तुम्ही एकही माणूस सुटू दिला नाही."

"सुटू दिला नाही म्हणजे?"

"म्हणजे ज्यांना जाहिरात दाखवायची नाही, त्यांच्यातल्या एकालाही दिसली नाही. हे पाहा ना."

तिनं स्क्रीन वळवली. सदतीस नावं एकाखाली एक उभी होती, शकुननं तीनदा तपासलेली. प्रत्येकापुढे आडवी रेघ मारलेलं एक लाल वर्तुळ होतं आणि त्यापुढे एक आकडा. भाजीचे भाव, शून्य. रांगोळ्या, शून्य. कीर्तन, शून्य. शिलाईचे नमुने, शून्य. शकुन शेवटपर्यंत वाचत गेली. कुठंतरी एक तरी आकडा वेगळा असेल असं तिला उगीचच वाटत होतं.

"दाखवायची नाही, असं कोणी सांगितलं?"

"सरांनीच." पौर्णिमाचा आवाज जरा हळू झाला. "मराठीकडचे लोक जाहिरात पाहून दारात आले तर त्यांना नाही म्हणता येत नाही, वर्ग चालूच ठेवावा लागतो, म्हणाले. म्हणून दिसूच नये. वगळायच्या जागा म्हणजेच निगेटिव्ह, मॅडम. तुम्हाला हे माहीत नव्हतं काय?"

"माह्याच हातानं लिहिली ना," शकुन म्हणाली.

तिला पाणी हवं होतं. पौर्णिमानं ग्लास दिला, तो तिनं दोन्ही हातांनी धरून संपवला. टेबलावरचा चार नावांचा कागद पौर्णिमानं सवयीनं उचलला.

"हे पण निगेटिव्हमध्येच का?"

"नाही. ते राहू द्या." शकुननं कागद परत घेतला. "माझी सदतीस नावं तिथून काढता येतात?"

"सरांचा मेल लागतो. शीट तेच पाठवतात, मी नुसती चढवते."

"अन् पहिली शीट? तीत काय आहे?"

पहिल्या शीटमध्ये फक्त सात नावं होती. त्यांतली दोन घरबांधणीची होती, बाकीची लेकरांचा डबा, वाढदिवसाचे देखावे, इंग्रजी कोडी, असली. नावांवरून काही अर्थबोध होऊ नये अशीच नावं. पौर्णिमानं समजावून सांगितलं, की इंग्रजी शाळेचे जवळजवळ सगळे पालक या सात जागांवरूनच आले आहेत. त्या जागा तिच्याच ऑफिसनं सुचवल्या होत्या आणि अध्यक्षांनी न वाचताच सही केली होती.

शकुननं पर्समधून पेन काढलं. सातही नावं तिनं कागदाच्या मागच्या बाजूला उतरवून घेतली. मग वर्गात एखादा मुलगा शंका विचारतो तसं विचारलं,

"समजा, एखादं नाव दोन्ही शीटमध्ये आलं तर?"

"तर निगेटिव्ह जिंकते. तिथली जाहिरात बंद."

"तुम्ही सरांना विचारत असाल मग, असं कसं म्हणून?"

"मागे एकदा विचारलं होतं एका नावाचं, तर रागावले. आता जे येते ते चढवते," पौर्णिमा म्हणाली. मग तिनं शकुनकडे आणि तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि स्क्रीन पुन्हा आपल्याकडे वळवली. खाली रस्त्यापर्यंत मात्र सोडायला आली.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. शकुनला रडू येत नव्हतं. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात, इथं तर म्हैस गोठ्यासकट गेली होती. बंदच करायची होती शाळा तर सरळ तोंडावर सांगायचं होतं. भांडलो असतो, मोर्चा काढला असता, हरलो असतो. पण तिच्याचकडून लिहवून घेतलं. तिच्या वहीनं, तिच्या ओळखीनं, तिच्या चष्म्याच्या नंबरानं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि केस आपणच विंचरून दिला.

रागाच्याही खाली लाज होती, ती जास्त बोचत होती. लोकांनी फोन उघडून हातात दिले होते. त्यात त्यांच्या पोरीबाळींचे फोटो होते, कुणाच्या आजाराच्या चिठ्ठ्या होत्या. मॅडम आहेत म्हणून दिले. आणि मॅडमनं घरोघर जाऊन, नीट विचारून विचारून, त्यांच्या दारावर फुली मारून ठेवली. बोरगाव मंजूला गाडी थांबली तेव्हा तिनं चार नावांचा कागद बाहेर काढला, मागची बाजू वाचली आणि पुन्हा घडी घातली. काय करायचं ते तिनं तिथं ठरवलं. आणि असंही ठरवलं, की धर्मेंद्र सरांना एक वाट मोकळी ठेवायची. तेवढं चोवीस वर्षांचं देणं लागतं.

सोमवारी सकाळी ती ऑफिसात गेली तेव्हा सर प्रवेशाचं रजिस्टर पुढ्यात घेऊन बसले होते. पाचवी मराठीच्या पानावर विसाच्या जागी नऊच ओळी होत्या.

"या ताई. साखरपुडा झाला का बरा?"

"झाला." शकुननं एक कोरा कागद टेबलावर ठेवला. त्यावर स्वच्छ अक्षरात सात नावं होती. "आणखी सात जागा निघाल्या, सर. यांच्यावर खूप आईबाप येतात."

"असं का?" सरांनी कागद पाहिला, म्हणजे त्यावरचं अक्षर पाहिलं. "तुमची चिकाटी मानाची हाय, ताई. द्या, आत्ताच टाकतो."

"या वेळी पहिल्या शीटमध्ये टाकून पाहा ना."

माउसवरचा सरांचा हात थांबला. कूलरचा पंखा घरघरत होता. शकुन त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत उभी राहिली. पहिल्या शीटमध्ये ती सात नावं आधीच होती. तिथं ती पुन्हा टाकली असती तर कुणाचं काहीच बिघडलं नसतं, आणि तिनं मागचं सगळं कदाचित गिळूनही टाकलं असतं. पहिली, ती मनात म्हणत होती. पहिली उघडा, भाऊ.

"पहिली साहेबांची ना, ताई," सर म्हणाले. तिच्याकडे न पाहता ते हसले. "आपली दुसरीच बरी."

त्यांनी दुसरी शीट उघडली.

सरांना टाइप करायला एकच बोट लागे. ते एकेक अक्षर शोधत होते आणि शकुन खुर्चीमागे उभी राहून सांगत होती. इथं दोनदा ई. इथं मध्ये रेघ. नाही, ती खालची नाही, मधली. चौथ्या नावाला ते थबकले.

"हे काय म्हणाचं? कोण पायते हे?"

"लेकरांच्या आया पाहतात. डब्यात काय द्यायचं ते असते त्यात."

"आपल्याकडल्या?"

"शाळेत येणाऱ्या."

सरांनी मान हलवली आणि पाचव्या नावाकडे वळले. सहावं झालं, सातवं झालं. मग त्यांनी अमरावतीचा पत्ता घातला आणि फाइल जोडली.

"सात झाले ना? मोजून घ्या," शकुन म्हणाली. "एकही सुटू नये."

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून मोजले. सात होते. त्यांनी बटण दाबलं आणि मोठं काम हातावेगळं झाल्यासारखे खुर्चीत मागे रेलले.

"गेलं. आता पाहा ताई, कशी गर्दी होते ते."

शकुननं रजिस्टर आपल्याकडे ओढलं. पाचवी मराठीचं पान उघडून प्रवेशाच्या कोऱ्या अर्जांचा गठ्ठा त्यात घातला, रजिस्टर बगलेत मारलं आणि दाराशी जाऊन चपला घातल्या. बाहेर ऊन असं होतं, की मैदानावरचं कुत्रंही भिंतीच्या सावलीला चिकटलं होतं.

"ताई," सर मागून म्हणाले, "रजिस्टर घेऊन अशा उन्हाच्या कुठी चालल्या?"

"अकरा पोरं आणाले," शकुन म्हणाली, आणि पायऱ्या उतरली.